फक्त हळदीपुरतं

आमची मीटिंग अंबरनाथला एका शाळेच्या वर्गात भरते. वर्ग पहिलीचा आहे, त्यामुळे बाकं बुटकी. पन्नाशी-साठीची माणसं गुडघे छातीशी घेऊन त्यांवर बसतात आणि समोर भिंतीवर क कमळाचा, ख खटाऱ्याचा असा तक्ता असतो. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं तिथे संध्याकाळी जमतात, एकमेकांना आपापलं सांगतात, चहा पितात आणि घरी जातात. फी नाही, साहेब नाही, कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. म्हणून मीही इथे कुणाचं नाव लिहिणार नाही, माझंसुद्धा नाही. बदलापूर पश्चिमेला बेलवलीत माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, एवढी ओळख पुरे.

मला त्या वर्गात पहिल्यांदा आणलं बायकोने. मी दारातच अडून राहिलो होतो. आतून एक गोरे, टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ उठून आले. मला वाटलं, आता भाषण. ते म्हणाले, “जेवला का?”

“नाही.”

“मग पयले खा. भुक्या माणसाला दारू लवकर सापडते.” आणि खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

हे उल्हासनगरचे सिंधी. फाळणीनंतर त्यांचे वडील तिथल्या छावणीत आले, आणि ह्यांचं आता ब्लाउजच्या अस्तराचं नि मॅचिंगचं दुकान आहे. सगळे त्यांना साईं म्हणतात. त्यांची मराठी त्यांनी स्वतःच गिऱ्हाइकांशी बोलून बनवली आहे, त्यामुळे तिच्यात बाया बोलतात तसे शब्द जास्त. “अय्या, असं नको करू” असं ते मिशीतून म्हणतात तेव्हा नवा माणूस बिचकतो.

साईंनी मला शिकवलं ते फार थोडं होतं. पोट रिकामं ठेवायचं नाही. राग उशाला घेऊन झोपायचं नाही. फार दमायचं नाही आणि एकटं फिरायचं नाही. फोन करायचा तो प्यायच्या आधी. “बादमें फोन केला तर मी काय करणार? लिंबू पाठवू?” आणि कायमची सोडली असं कधी म्हणायचं नाही, आज नको एवढंच म्हणायचं. पहिल्या दिवसांत मला हे सगळं फारच साधं वाटायचं. एवढ्या मोठ्या आजारावर चिक्की? पण मी टिकलो. कसा टिकलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच सांगतो की त्या वर्षात मी पुष्कळ चिक्की खाल्ली.

मग आपल्यावर वेळ येते. नवा माणूस आला की एका जुन्याने त्याच्यासोबत राहायचं असतं. त्याला स्पॉन्सर म्हणतात. आमच्या धंद्यात स्पॉन्सर म्हणजे बॅनरच्या खालच्या पट्टीत हात जोडून उभा असतो तो. मला ते जमेल असं कधी वाटलं नव्हतं. मी दोन-तीनदा टाळलंही होतं, दुकानाचं निमित्त सांगून.

मला मीटिंगला येऊन काही वर्षं झाली होती आणि शिमगा नुकताच होऊन गेला होता. संध्याकाळी मीटिंग सुरू झाली आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, भरघोस मिशा, हातात टेम्पोची चावी. चामटोलीचे शेतकरी. वडिलोपार्जित भातशेती, थोडा भाजीपाला आणि बाकीच्या वेळात स्वतःचा टेम्पो. मी त्यांना पुढे दादाच म्हणू लागलो, इथेही तेच म्हणतो.

कुणीतरी म्हणालं, “या, बसा. काही बोलायचं असेल तर बोला.”

दादा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “मी पयलेच सांगतो. मना दारू सोडायची नाय.”

दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“मना फक्त पोरीची हलद न पिता काढायची हाय. वैशाखात लगीन हाय. हलदीपुरतं काय ता शिकवा. मंग मी तुमाना तरास देनार नाय.”

आधी मागच्या बाकावरचा एक जण हसला, मग सगळेच हसलो. दादा गोंधळले, थोडे रागावलेही. साईंनी मात्र न हसता विचारलं, “फक्त हळदीपुरतं?”

“हा.”

“चालेल. हळदीपुरतं सोडू. बसा, चाय घ्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हा बदलापूरचा आहे, तुम्हाला जवळ पडेल. हा बघेल तुमचं.”

मी साईंकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर विरघळला असता. ते चिक्की मोडत बसले.

आगरी-कुणब्यांच्या हळदी ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना दादांची अडचण समजावून सांगायला नको. ज्यांनी नाही बघितल्या त्यांना एवढंच सांगतो की आमच्याकडे लग्न हे हळदीच्या दुसऱ्या दिवशी उरकायचं काम असतं. खरा सोहळा हळदीचा. गाव जेवतं, गाव नाचतं आणि गाव पितं. अशा घरात मुलीच्या बापाने हातात ग्लास न घेता उभं राहायचं म्हणजे पुरात छत्री उघडण्यासारखं. दादांनी एक प्रयत्न करून पाहिला होता. आपल्या हळदीत बाटलीच नको, असं घरात म्हणाले. भाऊबंद म्हणाले, मग लोक येतील कशाला, अक्षता घ्यायला?

हे ऐकून साईं म्हणाले, “जगाची दारू आपण सोडवत नाही बाबा. आपली एक आहे, तेवढी बस.”

मग साईंच्या दुकानात तालीम सुरू झाली. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी दादांना स्कूटरवर घेऊन जायचो. साईं गादीवर बसून मेव्हणा व्हायचे. हातात मोजायची पट्टी, ती म्हणजे बाटली.

“दाजी! पोरीची हळद आणि तुमचा ग्लास खाली? घ्या, एक तरी घ्या!”

दादा म्हणायचे, “नको रं, डागदरानी सांगितलंय, लिवर खराब हाय.”

“अरे, डॉक्टर स्वतः पितो! माझ्यासंग बसला होता काल.”

“माझा उपास हाय.”

“कोणाचा? आज तर बुधवार!”

“गाडी चालवाची हाय.”

“घर तर हे आहे, गाडी कुठे चालवणार, न्हाणीत?”

दादा घामाघूम. एक बाई जांभळं अस्तर घ्यायला आली होती, ती हे सगळं बघत उभी राहिली. तिला वाटलं खरंच भांडण. शेवटी तीच दादांना म्हणाली, “अहो भाऊ, एवढं कशाला सांगताय? नको म्हणा नि गप बसा.”

साईंनी पट्टी खाली टाकली. “बस! ह्या ताईने सांगितलं तेच.” आणि मग दादांना समजावलं. कारण सांगितलं की समोरचा कारणाशी भांडतो. डॉक्टर म्हटलं की तो डॉक्टर खोडणार, उपास म्हटलं की वार मोजणार. नुसतं नको म्हटलं तर त्याला भांडायला काही मिळत नाही. “नको बोलायचं, हसायचं आणि तोंडात काहीतरी टाकायचं. भरल्या तोंडाने माणूस खोटं बोलू शकत नाही.”

दादांनी ते पाठ केलं. परतीच्या वाटेवर स्कूटरच्या मागे बसून ते वेगवेगळ्या सुरांत ‘नको’ म्हणत होते. सिग्नलला एक मोगरा विकणारी बाई गजरे पुढे करत आली. दादा तिलाही इतक्या ठाम, हसऱ्या आवाजात “नको” म्हणाले की ती दचकून मागे सरली. दादांना वाईट वाटलं आणि त्यांनी तिच्याकडचे गजरे घेतले. घरी बायकोला काय सांगायचं हा त्यांच्यापुढे नवाच प्रश्न उभा राहिला.

कारण वहिनींना काहीच ठाऊक नव्हतं. नवरा दारू पीत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण ह्याचा अर्थ त्यांनी वेगळाच लावला होता. मी पत्रिकेचा नमुना दाखवायच्या निमित्ताने अधूनमधून चामटोलीला जायचो, दादांशी ओट्यावर बसून बोलायचो. एकदा वहिनी बाहेर आल्या आणि दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“तुमी कोन?”

“पत्रिका छापतो मी.”

“पत्रिका छापनारा मानूस रोज रोज घरी येतो? आनि कुजबुज काय चालते? काय इकायला काढलंय ह्यांनी? जमीन?”

दादांनी सांगितल्याशिवाय मी सांगणं बरोबर नव्हतं. मी पत्रिकेवरच्या गणपतीकडे बघत राहिलो. वहिनी पुढे म्हणाल्या, “आदीचे दोस्तपन असेच इस्तरीच्या कापडात यायचे. गोड बोलून न्यायचे नि रातीला टेम्पोत टाकून आनायचे.”

शेवटी दादाच म्हणाले, “अगं, ह्यांच्याकडं जातो मी. दारू सोडाय.” मग लगेच सुधारून, “हलदीपुरती.”

वहिनी आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा जरा मोठा. मी उठायच्या बेतात होतो. एवढ्यात त्या चहाचे कप घेऊन आल्या. माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाल्या, “साखर कमी झाली असंल तर सांगा.” त्या दिवसापासून मी त्या घरातला झालो. पत्रिकेत मुलीच्या आत्याचं नाव राहिलं होतं तेही त्यांनीच दाखवून दिलं.

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं असं मात्र नाही. एका दुपारी मी एका नगरसेवकाच्या दहीहंडीएवढ्या फ्लेक्सवर काम करत होतो, तेव्हा फोन आला.

“मी वाईन शॉपसमोर उभा हाय,” दादा म्हणाले. “टेम्पो घेऊन.”

“कशाला?”

“हलदीचा माल भरायचा. पोरीचा बाप मी. मीच भरनार ना? बाकीच्यांना काय सांगू?”

त्यांचा आवाज मी ओळखत होतो. तो त्यांचा नव्हताच, आमच्या सगळ्यांचा होता. मी म्हटलं, “टेम्पो चालू करा आणि पुढच्या चौकात जाऊन थांबा. मी आलोच.” स्कूटर काढता काढता साईंना फोन लावला. ते म्हणाले, “पयले त्याला वडापाव खिलाव. मग बोल.” चौकात मी दोन वडापाव घेतले. दादा टेम्पोच्या पायरीवर बसून खात होते, कपाळावरचा घाम पुसत होते. खाऊन झाल्यावर म्हणाले, “भूकच लागली होती की काय मना?”

“थोडी भूकही होती.”

आम्ही तिथूनच त्यांच्या धाकट्या भावाला फोन केला. दादा म्हणाले, “माल तू भर. मना मांडवाचं काम हाय.” भावाने एका शब्दाने हरकत घेतली नाही. असल्या कामाला हरकत घेणारा भाऊ त्यांच्या घराण्यात तरी झाला नव्हता. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट उमजली. नव्या माणसाला सांगायचं ते आपण सांगतो, पण ते सांगताना आपल्याच कानावर पुन्हा पडतं. त्या संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा बायको म्हणाली, आज चेहरा बरा दिसतोय.

हळदीच्या आठवड्यात साईंनी जाहीर केलं की आपण दोघांनी हळदीला जायचं आणि दादांना एक जागा द्यायची. मांडवात मोकळा हिंडणारा बाप दहा जणांच्या हाती लागतो. ज्याच्या हातात पळी आहे त्याला कुणी ग्लास देत नाही. म्हणून साईंनी थाधल करायचं ठरवलं.

थाधल म्हणजे सिंध्यांचं उन्हाळ्यातलं थंड पेय. बदाम, खसखस, टरबुजाचा मगज, बडीशेप, काळी मिरी, वेलची आणि गुलाबाच्या पाकळ्या भिजवून वाटायच्या, गाळायच्या आणि दूध-साखरेत घालायच्या. साईंच्या घरच्या बायकांनी दोन दिवस ते वाटलं. स्टीलचा मोठा पिंप, बर्फाच्या लाद्या आणि साईं असे सगळे टेम्पोत बसून चामटोलीला आले. मी माझ्या परीने फ्लेक्स करून नेला होता. त्यावर गुलाबाच्या फुलांमध्ये मोठ्या अक्षरांत ‘थंडगार थाधल’ आणि खाली ‘यजमानांच्या हस्ते’. मांडवाच्या तोंडाशी टेबल लावलं आणि दादांना फेटा बांधून त्यामागे उभं केलं.

हळद रंगात आली. एका बाजूला डीजे धडधडत होता, दुसऱ्या बाजूला धवलारीण, म्हणजे लग्नाची परंपरेची गाणी म्हणणारी जाणती बाई, आपल्या खणखणीत आवाजात त्याच्याशी टक्कर घेत होती. आणि ती हरत नव्हती. मागे मटणाची डेग, वड्यांची तळणी. घराच्या एका अंगाला धाकट्या भावाने आपला कारभार थाटला होता आणि तिथे गर्दी होती.

मग खरा मेव्हणा आला, वहिनींचा भाऊ. तालमीतल्यापेक्षा दुप्पट आकाराचा. “दाजी! हे काय, पन्हं वाटत उभे राहिलात?”

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “थाधल हाय. घे.”

“ह्यात काय हाय?”

“बदाम, खसखस, बडीशेप.”

मेव्हण्याने पांढरट हिरवं पेय प्रकाशात धरून पाहिलं. मग साईंकडे पाहिलं. साईं नेहमीप्रमाणे मंद हसत होते. मेव्हण्याचे डोळे चमकले. “आणि?” तो हळूच म्हणाला.

“आणि काय? मिरी,” दादा म्हणाले.

“समजलं, समजलं,” मेव्हणा म्हणाला आणि डोळा मारून ग्लास एका दमात रिकामा केला.

थोड्या वेळात आमच्या टेबलापुढे ही रांग! मला आधी काही कळेना. मग कानावर आलं. सिंधी शेठने उल्हासनगरहून खास भांग आणली आहे, हळूहळू चढते, कुणाला सांगू नका. आम्ही सांगून थकलो की ह्यात काही नाही. जितकं नाही म्हणावं तितकी लोकांची खात्री होत गेली. “दोन ग्लासांनी काय होत नाही,” एक जण आपल्या मित्राला समजावत होता, “तिसऱ्याला बघ.” मेव्हणा चार ग्लास पिऊन डीजेपुढे गेला आणि असा काही नाचला की लोकांनी गोल केला. मग परत येऊन माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “पावने, ह्याची चढ वेगली हाय. डोकं एकदम साफ.” मी म्हटलं, “बदामाने होतं तसं.” तो खूप वेळ हसत राहिला. दादा पळीने ग्लास भरत होते आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. इतक्या जणांना इतकं शुद्ध दूध त्या गावात हळदीच्या संध्याकाळी पूर्वी कुणी पाजलं नसेल.

मी ग्लास धुवायला मागे गेलो आणि परत आलो तर टेबलामागे साईं एकटे.

“दादा?”

“मुतायला गेला म्हणाला. वेळ झाला.”

मी मांडव धुंडाळला, ओटी बघितली, टेम्पो बघितला. शेवटी घराच्या मागे गोठ्याजवळ सापडले. पेंढ्याच्या भाऱ्यावर बसले होते. एका हातात फोन आणि समोर एका दगडावर ठेवलेली दारूची बाटली, क्वार्टर, सीलबंद.

“तुमालाच फोन लावत होतो,” ते म्हणाले. “उचलत नव्हता.”

मी खिशातून फोन काढला. त्यांचे फोन येऊन गेले होते, एकामागून एक. डीजेच्या आवाजात मला काही ऐकू आलं नव्हतं. इतकं सगळं शिकवून झाल्यावर जो एक फोन महत्त्वाचा होता तोच मी घेतला नव्हता.

“कुणी दिली?”

“जुना दोस्त. मिठी मारली नि खिशात कोंबली. मी नको बोललो, पन तवर तो गेला पन.” दादा बाटलीकडे बघत होते. “घ्या ना तुमी. टाका कुठंतरी.”

मी एक पाऊल पुढे गेलो आणि थांबलो. सीलवरचा सोनेरी कागद दिव्याच्या उजेडात चमकत होता. मी म्हटलं, “दादा, खरं सांगू? माझ्या हातात नका देऊ.”

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. “तुमालापन?”

“मलापन.”

“इतक्या वरसांनीपन?”

“हात नको लावायला, एवढं शहाणपण आलंय. बाकी तेच.”

ते एकदम हसायला लागले. मग मीही. दोन मोठे बाप्ये, एक फेटेवाला, एक इस्त्रीच्या शर्टातला, गोठ्याजवळ एका बाटलीला घाबरून हसतायत. म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघायला लागली. साईंना बोलवावं तर तिकडे टेबल कोण सांभाळणार? काठीने ढकलावी का, असं दादा म्हणाले. फडक्यात गुंडाळू, मी म्हटलं. एवढ्यात वहिनी तेलाचा रिकामा डबा ठेवायला मागे आल्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, दगडावरची बाटली पाहिली, आणि क्षणभर त्यांचा चेहरा काळवंडला. मग सील दिसलं असावं.

त्यांनी बाटली उचलली, झाकण पिरगाळलं, चार पावलं चालून उकिरड्यावर ओतली. रिकामी बाटली डब्यात टाकली आणि हात पदराला पुसत म्हणाल्या, “एवढ्यासाठी दोन मानसं लागली?”

“तरी कमी पडली,” दादा म्हणाले.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की आणखी काही, ते मला अंधारात दिसलं नाही. म्हणाल्या, “चला. पोर वाट बगते. बापानी हलद लावायची राहिलीय.”

मुलगी पाटावर बसली होती. अंबरनाथला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी करणारी, चष्मा लावणारी, शांत मुलगी. वहिनींनी मला आधीच सांगितलं होतं की चुलतबहिणीच्या हळदीत दादा डीजेच्या खोक्यांच्या मागे झोपलेले सापडले होते आणि हिनेच त्यांना उठवून घरी नेलं होतं. त्यानंतर ती कुठल्याच हळदीला गेली नव्हती. आता स्वतःच्या हळदीत ती जरा ताठ बसली होती. लोक नाचत येऊन हळद लावत होते, ती हसत होती, पण नजर पुन्हा पुन्हा गर्दीत जात होती.

दादा पुढे आले. वाकले. वाटीतली हळद बोटांवर घेतली. त्यांनी तिच्या गालांना हळद लावली, मग कपाळाला. वाकलेल्या बापाच्या तोंडाजवळ तिने हळूच नाक नेलं. सवयीनेच असेल. आणि मोठ्याने म्हणाली, “बाबा, तुमच्या तोंडाला बडीशेपेचा वास येतोय!”

“दोन गलास पिलो,” दादा म्हणाले.

मुलगी खदखदून हसली. दोन्ही हात हळदीच्या वाटीत बुडवले आणि बापाचं तोंड, मिशा, फेटा सगळं पिवळं करून टाकलं. धवलारणीने त्याच वेळी असा सूर लावला की डीजेवाल्याने स्वतःहून आवाज कमी केला. माझ्या शेजारी साईं उभे होते. ते डोळे पुसत म्हणाले, “मिरी जास्ती पडली वाटतं.” दहाला गाणी बंद झाली तेव्हा पिंपाच्या तळाशी फक्त गुलाबाच्या पाकळ्या राहिल्या होत्या.

लग्न झालं. दादांनी सांगितलं होतं तसं त्यांचं काम संपलं होतं. पुढच्या मीटिंगला ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो आणि मनाला समजावत होतो की आपण आपलं केलं. ते आले. वर्गात सगळ्यांना लाडू वाटले आणि बसून म्हणाले, “पोर पाचपरतवनाला येनार हाय. तवर ऱ्हातो.” मग भाताची लावणी आली. लावणीत पिऊन चिखलात पडलो तर लोक हसतील, म्हणून लावणी सरेपर्यंत. मग गौरी-गणपती, माहेरवाशीण येणार. मग कापणी. दादांनी अजूनही कधी दारू सोडली असं म्हटलेलं नाही. कुणी विचारलं तर पुढचा जो सण असेल त्याचं नाव सांगतात. साईं म्हणतात, ह्याला काय शिकवायचं, हा तर आपल्या पुढे गेला.

मध्ये एकदा एक नवा माणूस आला, अंबरनाथच्या बुवापाड्याचा, फार घाबरलेला. मला विचारत होता, पुस्तक कुठलं वाचू, नियम काय काय आहेत. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात दादा म्हणाले, “नियम बियम मंग. तुज्या घरी पुढचं कार्य कोनचं हाय ते सांग.” त्याच्याकडे भाच्याचं बारसं होतं. झालं, बारशापुरतं ठरलं.

गेल्या थंडीत दादांनी आम्हा सगळ्यांना शेतावर पोपटीला बोलावलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि कोंबडी भरायची, मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पोपटी म्हणजे आमच्याकडे बाटलीचं जेवण. कोरडी पोपटी कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. आमच्यातले काही जण येताना जरा घाबरले होते, पण एकटं कुणी आलं नव्हतं. मुलगी नि जावईही आले होते. तो मेव्हणासुद्धा आला होता. साईंना बाजूला घेऊन त्याने विचारलं, आज ते पांढरं नाही का आणलं? साईं म्हणाले, थंडीत ते चढत नाही. त्याला पटलं.

पोपटी झाली की नाही ह्यावर मोठा वाद झाला. साईंचं म्हणणं, झाली. दादांचं म्हणणं, अजून थांबा. वहिनींनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र आवाज झाला आणि त्या म्हणाल्या, काढा. मग ऊन कलेपर्यंत आम्ही केळीच्या पानांवर शेंगा सोलत बसलो. बोटं काळी, तोंडं काळी. खाऊन झाल्यावर थोडा वेळ कुणाला काय करावं सुचेना, कारण एरवी पोपटीचा शेवट काय होतो ते सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा साईंनी घसा खाकरला आणि एक सिंधी लग्नगीत म्हणायला घेतलं. आवाज अगदीच बेसूर. वहिनींना ते सहन होईना, म्हणून त्यांनी आपला लग्नातला धवला सुरू केला. मग जावयाने टाळ्या धरल्या. दोन्ही गाणी एकमेकांत मिसळून शब्द कुणाचे कुणाला कळत नव्हते आणि मुलगी मधेच विचारत होती, बाबा, राहिलेल्या शेंगा मी सासरी नेऊ का?